अंगठ्याच्या मापाची कात्री

काकूंच्या कारखान्यात कात्र्या बनत, त्याही फक्त शिंप्यांसाठी. कागद कापायला कुणी कात्री मागितली तर काकू त्याला सरळ बाजाराचा रस्ता दाखवत. नवरा अचानक गेला तेव्हा बारा कामगार, चार यंत्रं आणि शाळेत जाणारी एक मुलगी एवढं सगळं त्यांच्या पदरात पडलं. धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग त्यांनी लाज सोडली, एका शिंप्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसल्या आणि तो कापड कापताना दिवसभर नुसत्या बघत राहिल्या. बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्या बिचाऱ्याला वाटलं.

पण काकूंना नेमकं दिसलं. वीसेक वर्षं कात्री चालवली की शिंप्याचा अंगठा जाड होतो, सांधा वाकतो. कात्रीची कडी मात्र होती तेवढीच राहते आणि मांसात रुतते. तेव्हापासून दर मंगळवारी कारखान्यातली यंत्रं बंद. सगळे कामगार शिंप्यांच्या दुकानांतून पांगायचे, एकेकाचा अंगठा कागदावर टेकवून भोवती पेन्सिल फिरवायचे आणि त्या मापाने कडी घासून द्यायचे. पुढे बाहेरच्या कात्र्या निम्म्या किमतीत आल्या, शेजारचे दोन कारखाने बसले, काकूंचा तेवढा टिकला. लोक म्हणाले, बाईचं नशीब. डोंबलाचं नशीब! बाई दर मंगळवारी लोकांचे घामट अंगठे धरून बसत होती.

मुलगी व्यवस्थापन शिकून आली. हुशार होती आणि आईइतकीच हट्टी. खाण तशी माती. आठवड्यातला एक अख्खा दिवस वाया जातो हे तिला बघवेना. तिने लहान, मध्यम, मोठी अशी तीनच मापं ठरवली आणि मंगळवारी यंत्रं सुरू केली. काकूंनी कारभार तिच्या हाती दिला होता, शिवाय वर्षभर कामात तोंड घालणार नाही असा शब्दही दिला होता. जन्मात एक वाक्य गिळलं नाही अशा बाईने हा शब्द द्यावा, यावर कामगारांत पैजा लागल्या. काकू जिंकतील असं एकालाही वाटलं नव्हतं.

कात्र्या जास्त निघू लागल्या. तक्रारी तर बंदच झाल्या, त्यामुळे मुलगी खूश. काकूंना मात्र हे लक्षण काही बरं वाटेना. पूर्वी शिंपी तावातावाने भांडायला यायचे, आणि भांडायला येतो तो आपला असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आठव्या महिन्यात त्या सहज त्या पहिल्या शिंप्याकडे गेल्या. टेबलावर बाहेरची कात्री होती. त्याने घाईघाईने तिच्यावर कापड ओढलं, काकूंनीही पाहून न पाहिल्यासारखं केलं. घरी येऊन मुलीला एवढंच म्हणाल्या, उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. मुलीला वेळ नव्हता. मग दर सोमवारी त्या हेच वाक्य म्हणू लागल्या, वर एक शब्द नाही. मुलीला कधी बैठक असे, कधी यंत्राची दुरुस्ती.

असे तीन महिने गेले. एकेक शिंपी गळत होता. धार लावणाऱ्या मिस्त्रीने दुसरीकडे काम बघू का, असं काकूंना हळूच विचारलं. त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता. बोलल्या तर मुलगी दुखावून निघून जाईल आणि गप्प राहिल्या तर कारखाना जाईल, आणि त्यांना दोन्ही हवे होते. शेवटी मागणी इतकी घसरली की एका मंगळवारी मुलगी स्वतःच चपला घालून दारात उभी राहिली.

शिंपी तिला बघून चाचरला. काकू म्हणाल्या, खरं ते सांगा.

"पूर्वी तुमची कात्री माझ्या हाताची होती," तो म्हणाला. "आता तुमचीही मापाची नाही आणि बाहेरचीही नाही. मग स्वस्तातली का घेऊ नये?"

परत येताना मुलगी कोपऱ्यावर थांबली.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"तीन महिने झाले."

"आणि तू गप्प बसलीस? माणसं तुटत होती, आई."

तुटलेल्या प्रत्येक शिंप्याचं नाव काकूंना पाठ होतं.

"मी सांगितलं असतं, तर तू दुखावून निघून गेली असतीस, नाहीतर नुसतं माझं ऐकलं असतंस. मी गेल्यावर मग कुणाचं ऐकणार होतीस?"

भर रस्त्यात मुलगी रडायला लागली. काकूंनी तिला रडू दिलं, नुसता तिचा दंड धरून ठेवला. थोड्या वेळाने तिने ओढणीने डोळे पुसले आणि विचारलं, सोडून गेलेल्यांपैकी सगळ्यांत जवळ कोण राहतं.