तपासणाऱ्याची सही

मी ज्या खेळावर काम करते तो अजून पुरा झालेला नाही, आणि कधी होईल हेही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. कॉम्प्युटरवर खेळायचा खेळ आहे. आपली गाडी आपणच आखायची, तिचं इंजिन, सांगाडा, दारं ठरवायची, मग कंपनी काढायची, कारखाना उभारायचा, माणसं नेमायची आणि गाडी बाजारात आणायची. तो बनवणारे आम्ही सात-आठ जण निरनिराळ्या देशांत बसलेले असतो. लोक तो अर्धवट असतानाच घेऊन खेळतात आणि आमच्या चुका आम्हाला कळवतात. त्यांच्या आधी त्या शोधून काढणं हे माझं काम. कोलकात्यात, बेहालातल्या आमच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून मी दिवसभर इतरांच्या कामात खोट काढते. पोरीला स्वभावाला साजेशी नोकरी मिळाली, असं आई म्हणायची.

हा स्वभाव मला बाबांकडून आला. बाबा ड्राफ्ट्समन होते. बजबजच्या वाटेवर एक लहान कारखाना होता, तिथे बसच्या आणि व्हॅनच्या बॉड्या बांधत. आता तो बंद पडून बरीच वर्षं झाली. त्यांच्या ड्रॉइंग ऑफिसात एक नियम होता. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात दोन सह्या लागत, एक काढणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची, आणि स्वतः काढलेलं स्वतः तपासायचं नाही. दुसरी सही झाल्याशिवाय कागद टेबलावरून हलत नसे. बाबांचे कागद तपासायला एक बंगाली गृहस्थ होते. कागद हातात देताना दोघंही एकमेकांना म्हणायचे, "भालो कोरे द्याखो." नीट बघ. आणि अधूनमधून दोघंही कागदात मुद्दाम एखादी चूक ठेवायचे. समोरच्याने ती न पकडता सही केली, तर त्या दिवशी अख्ख्या ऑफिसचा चहा त्याच्यावर. ही गोष्ट बाबांनी मला इतक्यांदा सांगितली होती की पुढे पुढे मी ऐकणंच सोडून दिलं.

आई गेल्यावर बाबा गप्प झाले. पेपर वाचायचे, दुपारी बाल्कनीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. त्यांना गुंतवायला म्हणून मी माझा जुना लॅपटॉप दिला आणि खेळ लावून दिला. पहिले चार दिवस त्यांनी नुसत्या शिव्या घातल्या. बिजागऱ्या अशा असतात का, हा खांब एवढा बारीक कोणी ठेवला, वगैरे. पाचव्या दिवशी जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसला, तरी ते उठेनात.

त्यांना एकच गाडी करायची होती. आईचे गुडघे शेवटच्या दोन वर्षांत पार गेले होते. डॉक्टरकडे जायचं तर टॅक्सीत ती बसायची नाही, तिला आत घालावं लागायचं. मी आतून ओढायची, बाबा बाहेरून तिचे पाय उचलून ठेवायचे, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहायच्या. तिला त्याची भयंकर लाज वाटायची. शेवटी शेवटी तर ती डॉक्टरकडेच यायला नको म्हणायची. बाबा मला एकदा म्हणाले, "जन्मभर दारंच काढली मी. तिच्यासाठी एक काढलं नाही." म्हणून आता ते काढत होते. रुंद दार, पायरी जवळजवळ रस्त्याला टेकलेली, लुगडं न अडकेल असा उंबरा, आणि आत धरून बसायला दाराशेजारच्या खांबावर एक मूठ.

अडचण अशी होती की आमच्या खेळात दाराची खालची कड एका मर्यादेखाली जातच नव्हती. बाबांनी कागदावर आकृती काढून दिली, मी ती टीमला पाठवली. सगळ्यांना पटली. पुढच्या आवृत्तीत करू, असं ठरलं.

तोवर बाबांनी होती तशी गाडी पुरी केली. कारखाना उभा केला, माणसं नेमली. उत्पादन सुरू करायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं, आणि ते काही दाबेनात. गाडीच्या माहितीचा जो चौकोन असतो त्यात त्यांनी एका बोटाने मराठीत टाईप केलं होतं: काढणारा, पुढे स्वतःची आद्याक्षरं. तपासणारा, पुढे मोकळी जागा. त्यांचे ते बंगाली मित्र केव्हाच वारले होते. मला म्हणाले, तू तपास, तुझं कामच आहे ते. मी हो म्हटलं. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मान वर न करता सांगितलं, बघितली, छान झालीय.

"दाराचं हँडल कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

मी जाऊन बघितलं. चालकाच्या दाराचं हँडल बिजागरीच्या बाजूला होतं. शेंबड्या पोरालाही दिसली असती अशी चूक त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हँडल जागेवर नेलं आणि म्हणाले, पुन्हा बघ, वेळ मिळेल तेव्हा.

तो वेळ मला तीन आठवडे मिळाला नाही. बाबा रोज चहाच्या वेळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे, आणि मी कामात दिसले की परत जायचे.

मग नवी आवृत्ती तयार झाली. नवी दारं तिच्यातच होती, अगदी बाबांच्या आकृतीबरहुकूम. पण त्या बदलामुळे लोकांच्या जुन्या गाड्या आणि जुन्या कंपन्या उघडणार नव्हत्या. मीटिंगमध्ये मला विचारलं, चालेल का? मी म्हटलं, चालेल, खेळ अपुरा आहे हे खेळणाऱ्यांना माहीत आहे. त्या खेळणाऱ्यांतला एक माझ्या शेजारच्या खोलीत बसला होता, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी हाक मारली. "माझा कारखाना कुठे गेला गं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. जुनी आवृत्ती परत बसवता येईल, मग गाडी दिसेल, असंही सांगितलं. त्यांनी विचारलं, तीत दार खाली येईल का? नाही, मी म्हटलं. त्यांनी माऊस पुढे ओढला. "मग नवीनच काढू," म्हणाले.

पण आता हात कापायला लागला होता. माऊस एका जागी ठरत नसे. मी मदत करते म्हटलं, तर म्हणाले, मग तपासणार कोण? रोज थोडं थोडं करत त्यांनी सांगाडा केला, पायरी केली, दारं केली. मग छातीत दुखलं म्हणून हॉस्पिटलात नेलं. टॅक्सीत चढताना दोन्ही हातांनी काहीतरी धरायला शोधत होते. तिथून ते परत आले नाहीत.

तेरावा झाल्यावर मी त्यांचा लॅपटॉप उघडला. खेळ त्यांनी थांबवून ठेवला होता तिथेच होता. कारखाना तयार, माणसं आपापल्या जागी, बटण न दाबलेलं. काढणारा, आणि आद्याक्षरं. तपासणारा, आणि मोकळी जागा. मी सुट्टी टाकली आणि दोन दिवस ती गाडी तपासली. एक एक सांधा, एक एक बिजागरी बघितली. दार सुरेख खाली येत होतं. आई नुसती वळून बसली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला चूक सापडली. आत धरायची मूठ तीन दारांपाशी होती. मागच्या डाव्या दारापाशी नव्हती. आई नेहमी तिथेच बसायची.

ही चूक त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती, की हात आणि डोळे थकल्यामुळे खरोखरच राहून गेली, हे मला कळत नाही. मूठ बसवायला मला अर्धं मिनिट लागेल. पण मग काढणारी मी आणि तपासणारीही मीच, आणि न बघता एकदा हो म्हणून झालेलंच आहे. म्हणून अजून काही केलेलं नाही. खेळाची नवी आवृत्ती आली की बाबांची फाईल उघडते ना, एवढं आधी बघते. आता तसा नियमच मी टीमकडून करून घेतलाय, कुणाचीच जुनी गाडी बंद पडता कामा नये. का, ते कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी माझ्या खुर्चीमागे कुणी येऊन उभं राहत नाही. चूक सापडली, एवढं तरी त्यांना सांगायचं होतं.