पोह्यांच्या बशीशेजारचा लॅपटॉप

कुणाबद्दल लिहावं इतका मी मोठा नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही. लिहायचं ते परीक्षेत, तेही विचारलं तेवढंच. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्या हाती हा कागद पडला, तर ते आधी तो उजेडात धरतील आणि शाई कुठे फुटली आहे ते दाखवतील. तरी धीर करतो. सांभाळून घ्यावं.

माझं असं मत आहे की नव्या मुंबईत एकही नवी वस्तू या काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय सुखाने जुनी झालेली नाही. काका म्हणजे माझे नात्यातले कुणी नव्हेत. वाशीच्या बाजारात माझी आई भाजी घेऊन बसते, तिचं ते गिऱ्हाईक. नोकरीला न्हावा शेव्याच्या बंदरावर. कंटेनर उघडला की आतला माल कुठे फुटला, कुठे भिजला, कुठे चेपला, ते शोधून सांगायचं हे त्यांचं काम. दिवसभर पगारासाठी दोष शोधायचे आणि संध्याकाळी तेच हौसेने करायचं. खिशात पेनाशेजारी एक छोटं भिंग कायम असतं. सोसायटीत कुणी फ्रीज आणला तर त्याच्या दारात कागदाचा कपटा अडकवून तो सहज निघतो का बघणार. निघाला तर फ्रीज परत. एका शेजाऱ्याच्या वास्तुशांतीला ते गेले आणि गुरुजींचे मंत्र चालू असताना नाण्याने फरशा वाजवत वाजवत स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. बऱ्याच पोकळ निघाल्या. यजमानांनी प्रसाद देताना तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशी बिल्डरकडे भांडायला जाताना त्यांनी काकांनाच बरोबर नेलं. आईच्या टोपलीतलं एकेक वांगं ते देठापासून फिरवून बघायचे. आई म्हणायची, "भाऊ, वांगी घेताव का वांग्याची पत्रिका बगताव?" काका न हसता एक वांगं बाजूला काढायचे. "मावशी, हे बघा. डाग आहे." आणि ते परत टोपलीत.

मी एकदा विचारलं, एवढं कशाला बघायचं? तर म्हणाले, "दोष पहिल्या दिवशीच दिसतो रे. नंतर वस्तू आपली होते, मग कोण बघतंय." हे वाक्य मी बरेच दिवस घोळवत होतो.

काकांना एकच मुलगी. मी तिला ताई म्हणतो. शाळेत शिकवते, आणि माझं इंग्रजी जे काही आहे ते तिनेच सुधारलेलं. तिच्या हनुवटीखाली एक पांढरा डाग आहे, लहानपणापासूनचा, वाढलेला नाही. स्थळं यायची, मंडळी पोहे खायची, पोहे छान झालेत म्हणायची, आणि आठवड्याभरात पत्रिका पोस्टाने परत यायची. काकू म्हणायच्या, पदर जरा वर घेतला तर काय बिघडतं? काका ऐकायचे नाहीत. पहिल्याच पत्रात ते डागाबद्दल लिहून टाकायचे. परत आलेल्या पत्रिका मात्र ते कधी भिंगाखाली धरत नसत.

गेल्या वर्षी डोंबिवलीचं एक स्थळ आलं. मुलगा कम्प्युटर कंपनीत. मी कॉलेजात कम्प्युटर शिकतो म्हणून काकांनी मलाही बसायला बोलावलं. "आपल्या बाजूने एक जाणकार असू दे." मी तोवर लॅपटॉप फक्त चित्रात पाहिला होता. मुलगा आला तो कमरेला पेजर आणि खांद्यावर काळी बॅग घेऊन. काकांची नजर बॅगेवर गेली आणि काकूंची काकांवर.

"नवीन का?" काकांनी विचारलं.

"हो, कंपनीने महिन्यापूर्वीच दिला."

"स्क्रीन तपासलीत?"

"अहो," काकू म्हणाल्या, "आधी पोहे."

पण काकांनी पोह्यांची बशी सरकवून टीपॉयवर जागा केली होती. बंदरावर अशा मालाची एक खेप त्यांनी तपासली होती. स्क्रीन म्हणजे असंख्य बारीक ठिपके असतात, त्यातला एखादा मेलेला निघतो, तो शोधायला पूर्ण स्क्रीन एकाच रंगाची करून बघायची, असं त्यांनी मुलाच्या आईला समजावून सांगितलं. त्या बाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघायला आपण आलोय ना?" तोवर मी पडदे ओढले होते, कारण मला तसं सांगण्यात आलं होतं. मुलाने मुकाट्याने स्क्रीन लाल केली, मग हिरवी, निळी आणि शेवटी काळी. काका भिंग घेऊन इतके वाकले की त्यांचं नाक स्क्रीनला टेकेल असं वाटलं.

"हा बघा," काका म्हणाले. "उजवीकडे, खाली. कुठलाही रंग द्या, हा पांढराच राहतोय."

"माहीत आहे, काका," मुलगा म्हणाला. "पहिल्याच दिवशी दिसला. ऑफिसात बदलून देत होते."

"मग बदलला का नाहीत?"

"त्याने काही अडत नव्हतं. दोन दिवस दिसला, मग दिसेनासा झाला. आता तुम्ही दाखवलात तेव्हा आठवला."

काकांनी मान वर केली. ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ते ऐकलं होतं. मुलालाही आपण काय बोललो ते बहुधा तेव्हाच कळलं, कारण त्याचे कान लाल झाले. काकांनी भिंग खिशात ठेवलं, दोन्ही हातांनी लॅपटॉप हळूच मिटला आणि म्हणाले, "पोहे घ्या. गार झाले असतील."

जाताना मुलाच्या आई "कळवतो" म्हणाल्या. हा शब्द त्या घराने फार वेळा ऐकला होता. जिन्यात काका मला म्हणाले, "मी उगाच तपासायला गेलो का रे? मुलगा चांगला होता."

पुढे परीक्षेसाठी मी वसतिगृहावर राहायला गेलो. एका रविवारी घरी आलो, तर आई काळजीत. "त्या भाऊला काय झालाय रं? परवा आला, टोपलीतली वांगी न बगता पिशवीत भरली आन् गेला. मीच मागून हाक मारली, त्यात एक किडका व्हता." मी ताईकडे जायला निघालो आणि अर्ध्या वाटेतून परतलो. काय विचारणार होतो?

बातमी मला कळली ती त्यानंतरच्या फेरीत, तीही आईकडूनच. भाऊ आलता, म्हणाली. चांगला तासभर बसला, एकेक वांगं भिंग लावून बघितलं. आईने विचारलं, आज एवढं काय? तर म्हणाले, "मावशी, साखरपुड्याला डोंबिवलीचे व्याही येतायत. भरली वांगी करायचीत."

"मग एक डागाचा निगाला," आई सांगत होती. "नेहमीसारखा मला दाखवला. मी हात पुढं केला, म्हन्लं द्या, बदलून देते. तर म्हन्ला, असू दे मावशी. आन् पिशवीत टाकला."