भोंग्यावरचं पहिलं शील

आमच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना होते. एकजण माइकवर ओळ सांगतो, बाकीचे त्याच्या मागून म्हणतात. त्या माइकवाल्याचा गळा गावात सगळ्यांत गोड, आणि हात सगळ्यांत जड. गळा भोंग्यातून पार केनवडच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. हाताचा आवाज तेवढा मलाच यायचा, कारण त्याची आणि माझी भिंत एक.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी त्याची बायको सुजल्या ओठानं विहाराच्या ओट्यावर उभी राहिली. कमिटी चहा पीत होती.

"भाऊ, मले दुसरं काई नाई पाह्यजे. हा मारनं सोडत नाई तवर याले माइकवर बसू देऊ नका. जिवाची हिंसा करनार नाई, हे याच्या तोंडून आयकवत नाई मले."

अध्यक्षांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. भाषणात न्याय आणि समता यांच्याखाली ते कधी उतरत नाहीत. म्हणाले, "घरचं घरात मिटव बाई. विहाराची शांती काहून बिघडवून राह्यली?"

माझ्या अंगाचा जाळ झाला. मारणारा शील सांगतो तेव्हा शांती बिघडत नाही, मार खाणारी बोलली की बिघडते? आमच्या मागच्या पिढीनं धर्म बदलला तो काय बायकोला पांढरं लुगडं नेसवून बदडायला?

दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या निंदणात मी त्या गायकाची नक्कल केली. मान तिरपी, डोळे अर्धे मिटलेले, एक हात छातीवर. बायका हसता हसता तणासोबत सोयाबीनही उपटू लागल्या. एक म्हातारी मात्र हसली नाही.

"हासून काय होते माय? त्याच्या मांगून म्हनतो तर आपनच ना?"

विळे थांबले.

पुढच्या रविवारी त्रिशरण आम्ही खणखणीत म्हटलं. मग त्यानं पहिलं शील सांगितलं, जीवहिंसा न करण्याचं. एकीनंही तोंड उघडलं नाही. मागच्या भिंतीला टेकलेले दोन-तीन पुरुष पुटपुटले आणि दचकून गप्प झाले. त्यानं ओळ पुन्हा सांगितली. मग खोकला. भोंगा तोही इमानदारीनं गावाला ऐकवत होता.

अध्यक्ष उठले. "म्हना ना बायांनो. सारं गाव आयकून राह्यलं."

"आयकू द्या भाऊ," मी म्हटलं. "तो उठला का म्हनतो आमी."

शेवटी अध्यक्षांनीच त्याच्या खांद्याला हात लावला. तो उठला. म्हातारीनं माइक सरकवून त्याच्या बायकोपुढे ठेवला. तिचा आवाज फाटका, सूर कुठल्या कुठे. पण आम्ही मागून अशी ओळ म्हटली की भोंग्यानं शिट्टी मारली.

तो आता मागच्या भिंतीला टेकून बसतो. माझ्या भिंतीतून सध्या काही ऐकू येत नाही. आलं, तर विहारातला माइक आणून त्याच भिंतीला लावणार आहे. त्याला तसं सांगून ठेवलंय, तेही चारचौघांत.