उष्टी घागर

झिपरूआबांच्या घरात घागरीची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आबा तरुणपणी ब्रह्मदेशाच्या लढाईत गेले, तीन जखमी सोबत्यांना गोळीबारातून पाठीवर वाहून आणलं, त्याचं पदक मिळालं. पण ते सगळं नंतर कळलं. आधी दोन वर्षं माणसाचा पत्ताच नव्हता. आईनं हाय खाल्ली आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेलेल्यांच्या नावानं घागरी भरतात, त्यात यांचीही भरली. बायको द्रौपदाबाई मात्र बांगड्या फोडायला तयार होईना. आणि त्याच दुपारी आबा दारात हजर! घशाला कोरड पडलेली. समोर त्यांच्याच नावानं भरलेली कोरी घागर होती, ती उचलली आणि घटाघटा प्यायले. आई भूत-भूत ओरडत गोठ्यात पळाली.

मग आबांनी चाळीस वर्षं शेती केली, पदक बैलाच्या घुंगरमाळेशेजारी खुंटीला टांगून. द्रौपदाबाई मरेपर्यंत ही गोष्ट सांगायची आणि सून भिकुबाई पदर तोंडाला लावून हसायची. हसू कसलं, पाळी तिच्यावरच आली.

तिचा नवरा लोटन, आबांचा एकुलता एक, सत्त्याऐंशीत फौजेबरोबर लंकेला गेला आणि दसऱ्यानंतर त्याची पत्रं थांबली. धुळ्याच्या कचेरीत विचारलं तर नुसतं ‘बेपत्ता’. भाऊबंद मात्र कचेरीपेक्षा हुशार! पुढच्या आखाजीला चुलतदीर चुडामण चार माणसं घेऊन सकाळीच ओट्यावर येऊन बसला. लोटनची घागर भरा, पितर तहानलेला राहिला तर घराला लागतं, म्हणाला. भिकुबाई त्याच्याशी भांडायला कंबर कसून उभीच होती. पण नवी घागर खांद्यावर घेऊन आत आले ते खुद्द आबा.

“आबा, तुम्ही?” तिला खरंच वाटेना.

“थकी गऊ माय मी,” आबा म्हणाले. “तिकडे पोऱ्या तहानेला व्हई तर?”

त्यांनी घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, गोड सांजोरी ठेवली. लोटनचं नाव घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, तोच भिकुबाईनं डांगर, सांजोरी खाली ठेवली आणि घागर उचलून सरळ तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून चोळीवर सांडलं. ओट्यावरचे सगळे हां हां करत उठले.

“मना धनी जित्ता शे,” ती कडाडली. “आते ही घागर उष्टी व्हई गई. उष्टं पाणी कोणता पितरले चालस?”

“डोकं फिरनं का तुन्हं?” चुडामण ओरडला.

आबांनी पांढऱ्या मिशा पुसल्या.

“मले बी दे,” म्हणाले, आणि तिच्या हातची घागर घेऊन पोटभर प्यायले. चुडामण पाय आपटत निघून गेला.

नव्वदमध्ये फौज लंकेहून परतली. लोटन त्यात नव्हता. तरी दर आखाजीला नवी घागर यायची आणि सासरा-सून ती पिऊन टाकायचे. भिकुबाईला रडू येत नव्हतं थोडंच? खूप यायचं. पण त्याच्या नावानं भरायची नाही म्हणजे नाही.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात आबा गेले. पुढच्या आखाजीला चुडामण पुन्हा ओट्यावर. आता बापाबरोबर लेकाचंही नाव घेऊन मोकळी हो, म्हणाला. भिकुबाईनं कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, घागर भरली, शेजारी आबांचं पदक ठेवलं.

“आबा, ही तुम्हनी,” ओट्यावर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली. “तुम्हना एकलानी. यामानं घोटभर बी कोणले देऊ नका.”