एक वळण मागे

मी सायकली दुरुस्त करतो. लोकांच्या चुका माझ्याकडे हातात धरून आणल्या जातात. वाकलेली रिम पाहिली की कळतं, खड्डा दिसला नव्हता. ब्रेकचे रबर जळालेले दिसले की कळतं, उतारावर हा माणूस घाबरला होता. पण आमच्या दाजींनी त्या दिवशी घाटात जे केलं ते मला अजून कळत नाही. म्हणजे कळलंय सगळं, पण पचलेलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. घाट ओलांडून पलीकडच्या गावांना जाणारी मिनीबस चालवतात. माणूस असा की रागावला तरी गप्प आणि खूश झाला तरी गप्प. लग्न झाल्यावर ताई मला विचारायची, "अरे, हे आत्ता कुठल्या गप्पमध्ये आहेत?" मी म्हणायचो, "बसला विचार." कारण दाजींच्या वाटचं सगळं ती बसच बोलायची. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये पडली की अशी खाकरायची की समोरच्याने घाबरून पाणी आणून द्यावं.

ताईचं घर घाटमाथ्याच्या जरासं खाली, शेवटून दुसऱ्या वळणावर आहे. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावरच उघडते. बस खालच्या कड्याआड असेपर्यंत काहीही ऐकू यायचं नाही, कडा सगळा आवाज गिळून टाकायचा. वळण घेतलं की एकदम खिडकीची तावदानं थरथरायची आणि ताई गॅसवर पातेलं चढवायची. माझी भाची पाळण्यात असल्यापासून हा आवाज ऐकत आली. रांगत दाराशी जायची ती त्याच आवाजाला. पुढे तिच्या पायाला जी भिंगरी लागली ती सुटलीच नाही, म्हणून तिचं नावच भिंगरी पडलं. माझ्या दुकानातली एक जुनी सायकल तिने पळवली आणि घाट चढायला लागली. मी सायकल परत मागितली तर म्हणाली, "मामा, तुला चढवतेय का ती? मग?"

आमचा घाट एरवी कुणाच्या खिजगणतीत नसतो. पण वर्षातून एक दिवस सायकलवाल्यांची मोठी शर्यत त्यावरून जाते, आणि त्या दिवशी घाटाला शिंगं फुटतात. सपाटीवर सगळे एकत्र, थव्याने पळत असतात. कोण किती पाण्यात आहे ते घाट लागला की दिसतं. पुढचे पाच-सहा जण वर जिंकायला जातात. लोक तंबू ठोकून त्यांचीच वाट बघतात, डांबरावर चुन्याने त्यांचीच नावं लिहितात. मागे जी माणसं राहतात त्यांना जिंकायचं नसतं, फक्त वेळेत पोचायचं असतं. पहिला पोचला की त्याच्या वेळेवर थोडी सवलत धरून मर्यादा ठरते. त्या मर्यादेबाहेर आलेला बाद होतो. दुसऱ्या दिवशी त्याला सुरुवातीच्या रेषेवर उभंसुद्धा करत नाहीत.

आणि या सगळ्यांच्या मागून जी गाडी येते ती झाडूगाडी. ज्याने हाय खाल्ली, सायकल टाकली, त्याला गोळा करत यायचं. मागे खरोखरचा झाडू बांधायचा रिवाज आहे. आयोजकांना सायकलच्या वेगाने, क्लच न जाळता, सबंध घाट चढवू शकेल असा ड्रायव्हर हवा होता. तसा एकच होता. तेव्हापासून दरवर्षी दाजींची मिनीबस झाडूगाडी व्हायची, मी मागे सायकली चढवायला बसायचो आणि ताई ओरडायची, "शर्यत त्यांची आणि झाडू दरवर्षी माझा!"

दाजींचा एक नेम होता. शेवटच्या स्वाराला गाडीचा आवाज येईल इतकंच अंतर ठेवायचं. अंगावर जायचं नाही, पण नजरेआड राहायचं नाही. एकदा मी म्हटलं, "दाजी, तो बिचारा आधीच मेटाकुटीला आलाय, तुमची बस त्याच्या मागे खोकतेय." तेव्हा ते चक्क दोन वाक्यं बोलले. "मेहुणे, शेवटच्या माणसाच्या मागे कुणीच नसतं. निदान आवाज तरी असावा." हे वाक्य भिंगरीनेही घरात ऐकलं होतं. आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं.

शर्यत सोडून दिलेल्या स्वाराच्या पाठीवरचा नंबर काढून घ्यायचा, हाही झाडूगाडीचाच रिवाज. पूर्वी पंच तो ओरबाडून काढायचे. दाजींनी ते काम मागून घेतलं. ते एकेक सेफ्टी पिन अलगद काढून ओठात धरायचे आणि नंबर घडी करून स्वाराच्या हातात द्यायचे. पंच काही म्हणायचे नाहीत.

तर त्या वर्षी बायकांच्या शर्यतीत भिंगरी होती. तिच्या संघात तिचं काम पाणक्याचं. मागच्या गाडीकडून बाटल्या घ्यायच्या, अंगरख्यात कोंबायच्या आणि पुढे जाऊन मुख्य स्वारांना द्यायच्या. ताईला ते कमीपणाचं वाटायचं. "घरात कधी पेला विसळला नाही, आणि तिथे पाणी भरतेय!" पण भिंगरी खूश होती. शर्यत बरेच दिवस चाललेली, आमचा घाट शेवटून दुसऱ्या दिवशी. संघाने तिला स्वच्छ सांगितलं होतं: शर्यत पुरी केलीस तर पुढच्या वर्षी संघात, नाही तर इथवर आलीस त्याबद्दल आभार. म्हणजे आपल्याच घाटावर, आपल्याच घरावरून, वेळेत वर जायचं, एवढंच तिला करायचं होतं. लहानपणापासून रोज केलेलं काम.

घाटाच्या पायथ्याला ती मागून दुसरी होती. दिवसभर पाणी वाहून पाय गेले होते. तिच्याही मागे होती आजीबाई. वय चाळिशीच्या आत, पण इतकी वर्षं शर्यतीत टिकून होती की सगळ्या पोरी तिला आजीबाई म्हणायच्या. तिची ख्याती अशी की मर्यादेचा हिशेब तिच्या डोक्यात चालायचा. सगळ्यांच्या मागे राहायची, पण कधी बाद झाली नाही. मागे पडलेल्या पोरी म्हणायच्या, आजीबाई रस्त्यावर आहे तोवर वेळ आहे.

त्या दिवशी आजीबाईचा गुडघा गेला. चढ लागल्या लागल्या ती उतरली, सायकल माझ्या हातात दिली आणि घोंगडी पांघरून मागच्या सीटवर आडवी झाली. दाजींनी तिच्या पिना काढल्या. आता भिंगरी शेवटची. हे तिला कळायला मार्ग नव्हता, कारण ती तेव्हा वरच्या वळणाआड गेली होती. तिच्या संघाची गाडी मुख्य स्वारांबरोबर पुढे निघून गेली होती आणि तिच्या कानातला वायरलेस कड्याआड मुका होतो.

दाजी स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी गाडी हळू घेतली. फार हळू. वळण आलं की थांबायचे, भिंगरी पुढच्या वळणाआड गेली की निघायचे. मी म्हटलं, "दाजी, गाडीला काय झालं?"

"काही नाही."

"मग?"

"पोरीच्या पाठीवर बसल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "बाप मागून झाडू घेऊन येतोय, असं नको वाटायला तिला."

शेजारी पंच बसले होते. त्यांना मी विचारलं तर म्हणाले, "शेवटच्या स्वाराच्या पुढे जायचं नाही, एवढाच नियम. मागे किती राहायचं ते ड्रायव्हरने ठरवायचं." मलाही बरंच वाटलं. बापाचं काळीज, म्हटलं. इतकी वर्षं परक्यांच्या मागे राहिलेला माणूस, एक दिवस लेकीला मोकळं सोडतोय. मला कौतुक वाटलं हो! आता ते कौतुक आठवलं की अंगावर काटा येतो.

असेच एक वळण मागे राहून आम्ही घराखालच्या कड्यापाशी आलो. वळण घेतलं तर समोर गर्दी, आणि गर्दीच्या मधोमध भिंगरी. एक पाय जमिनीवर, सायकल मांडीला टेकलेली, आणि दोन्ही हात ताईच्या गळ्यात. शेजारपाजार टाळ्या वाजवतोय, त्या गजरात बसचा आवाजही बुडाला. ताईने डांबरावर चुन्याने मोठ्ठं 'भिंगरी' लिहिलं होतं, तेही खिडकीतून वाचता येईल असं, त्यामुळे चढणाऱ्याला ते उलटं दिसत होतं. शर्यत कुणाच्या गावावरून गेली की त्या स्वाराने थांबून घरच्यांना भेटायचं, हीदेखील एक जुनी रीत. पण भिंगरीने आदल्या आठवड्यात फोनवर आईला बजावलं होतं, "वेळ असेल तरच थांबेन हं. नाही तर हात करून जाईन, रडायचं नाही."

दाजींनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मायलेकींच्या मधे खाकरा नको म्हणून. त्यांचे डोळे भरले होते. "थांबली," ते म्हणाले. "म्हणजे वेळ आहे तिच्याकडे. हिशेब केल्याशिवाय थांबायची नाही ती."

मागून घोंगडी हलली. आजीबाई उठून बसली, काचेतून तिने पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"ही का थांबलीये?" ती म्हणाली. "पहिली केव्हाच पोचली असेल. हिला एक क्षणही नाहीये! कुणी सांगितलं हिला वेळ आहे म्हणून?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मग दाजींनी हॉर्नवर हात मारला तो उचललाच नाही.

भिंगरीने मान वळवली. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी तिला बस दिसली आणि ती हसली, घरची बस पाहून हसावं तशी. मग तिने बसच्या पुढे पाहिलं, रस्त्यावर, आणि आजीबाईला शोधलं. रस्ता रिकामा होता. मग काचेआड घोंगडीत बसलेली आजीबाई तिला दिसली. हसू तसंच ओठांवर राहिलं आणि बाकीचा चेहरा पांढराफटक पडला. ताईचे हात तिने सोडवले नाहीत, झिडकारले.

त्यानंतर ती जी सुटली! सायकल डावी-उजवी नुसती फेकत होती. दाजींनी बस तिच्या मागे घातली, अगदी नेमाच्या अंतरावर, आणि बस अशी खाकरली की कडे दणाणले. ते ओरडत होते, "चल, चल, चल!" आयुष्यात या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. मीही ओरडत होतो, आजीबाई सीटवर मुठी आपटत होती. पंच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

माथ्यावर पोचलो तेव्हा कमान उभी होती, पण घड्याळाजवळच्या माणसाने मान हलवली. ती बाद झाली होती. जितका वेळ ती आईच्या गळ्यात होती, त्याहूनही कमी वेळाने. मला खरंच वाटेना. मी त्या माणसाला म्हटलं, "पुन्हा बघा." त्याने पुन्हा बघितलं. शहाण्यासारखा, माझ्या समाधानासाठी.

भिंगरी सायकलच्या दांड्यावर डोकं टेकून उभी होती. धाप थोडी बसल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल? रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज का नव्हता?"

दाजी तिच्याकडे बघायचं सोडून बसकडे बघत होते.

"मी पायथ्यापासून कान देऊन होते. बाबांची गाडी ऐकू येत नाहीये म्हणजे बाबा आजीबाईच्या मागे आहेत. म्हणजे आजीबाई अजून चढतेय. म्हणजे वेळ आहे. तुम्हीच म्हणता ना, शेवटच्या माणसाला आवाज येतो? मला नाही आला."

मला त्या जागी धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तिने बापाच्या नेमावर भरवसा ठेवून सायकल थांबवली आणि बापाने लेकीच्या हिशेबावर भरवसा ठेवून इंजिन. इतकी वर्षं कुठल्या कुठल्या परक्या पोरांना मिळालेला तो आवाज, आणि नेमका तिच्याच वाट्याला आला नाही. तोही प्रेमापोटी! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, हॅ, असं कुठे होतं का.

पंच उतरून आले. दाजी पुढे झाले आणि थबकले; पंचांना दया आली असावी. "राहू द्या, मी काढतो नंबर," ते म्हणाले.

"नको," भिंगरी म्हणाली. "आमच्याकडे बाबाच काढतात." आणि तिने पाठ वळवली.

दाजींनी पिना काढल्या. एक ओठात धरली, दुसरी धरली, तिसरी खाली पडली ती मी उचलली. नंबर त्यांनी घडी करून तिच्या हातात दिला, इतरांना देत आले तसाच. मग ते बसमध्ये जाऊन बसले आणि बसूनच राहिले. खाली घरी ताई एकटी होती. तिला वाटत असणार की आपल्या मिठीनेच पोरीचा घात केला, आणि कुणीतरी जाऊन तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "दाजी, निघू या." त्यांनी किल्लीला हात लावला नाही. दोनदा म्हटलं, तरी नाही.

भिंगरी पुढच्या दाराने चढली. ती लहानपणी शाळेत जाताना जिथे बसायची त्या इंजिनच्या झाकणावर बसली, वाकली आणि बापाच्या गुडघ्यावरून हात घालून तिने किल्ली फिरवली. बस खाकरली. झाकण थरथरायला लागलं, त्यावर बसलेली तीही थरथरायला लागली.

"हा," ती म्हणाली. "हाच ऐकत होते मी." आणि मग तिला रडू फुटलं.