मे महिन्यातला स्वेटर

बाहेर ऊन रणरणतंय आणि आमची ही गॅलरीत बसून स्वेटर विणते आहे. लेकीला राज्यशास्त्र शिकायचंय. हैदराबाद आणि दिल्ली, दोन्हीकडच्या सरकारी विद्यापीठांत तिला प्रवेश मिळालाय. तिचं मन दिल्लीत. ही मात्र आठवडाभर ठासून सांगते आहे, "हैदराबादच बरं. सणावाराला घरी तरी येता येईल." मीही मान डोलावतो. राज्य कसं चालतं हे मुलांना शिकवायला विद्यापीठं आहेत. मुलांना घरातून जाऊ कसं द्यायचं, हे आईबापांनी कुठे शिकायचं?

लोकरीचा गुंडा घरंगळत माझ्या पायाशी आला. तो उचलून देत मी विचारलं, "अगं, हैदराबादला स्वेटर कशाला?"

सुया न थांबवता ती म्हणाली, "दिल्लीत पहाटे फार गारठा असतो म्हणे."