मामीचं मॅचिंग

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सगळ्यांत जास्त वेळा गाडी घासणारी, आणि तरीही जिच्या गाडीवर एक ओरखडा सापडायचा नाही अशी बाई एकच झाली, ती म्हणजे माझी मामी. नाशिक रोडला आमच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये ती राहायची. पन्नाशीला आल्यावर हट्टानं गाडी शिकली, आणि इतकी मनापासून शिकली की रस्त्यावरच्या प्रत्येक वस्तूशी तिला ओळख करून घ्यावीशी वाटे. सोसायटीचं फाटक, भाजीची हातगाडी, नाशिकच्याच द्वारका चौकात उभा असलेला कांद्याचा ट्रॅक्टर, कुणालाही तिनं वगळलं नाही. "मी सरळच चालले होते, तोच आडवा आला," असं ती फाटकाबद्दलसुद्धा सांगायची.

मामाला स्वतःला गाडी येत नव्हती. तो डाव्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबायचा आणि उतरल्यावर पाय दुखतो म्हणायचा. पण गाडी घरी आली त्याच दिवशी, पेढे वाटता वाटता, त्यानं जाहीर केलं होतं, "पहिला ओरखडा दिसला की किल्ली माझ्या कपाटात." मामा दिलेला शब्द फिरवायचा नाही, ही त्याची खोड सगळ्यांना माहीत. मामीला ते परवडणारं नव्हतं, कारण तिची म्हातारी आई सायखेड्याला एकटी होती. इतकी वर्षं कुणी नेईल तेव्हा जायचं, असंच चाललं होतं. आता मनात येईल त्या दुपारी ती उठायची, आईजवळ तासभर बसायची आणि गोदावरीकाठची वांगी घेऊन परतायची. किल्ली गेली असती, तर हे सगळं गेलं असतं.

म्हणून मामीनं रंगाचा स्प्रे हातात घेतला. एका ब्लाउजपीससाठी चार दुकानं पालथी घालणारी ही बाई, रंगात तिला फसवणं कुणाच्या बापाला जमणारं नव्हतं. पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण स्क्रू काढून ती पिशवीत टाकायची आणि रंगवाल्याकडे जायची. "मॅडम, कॉम्प्युटरवर काढलाय, लय पक्का शेड हे," तो म्हणायचा. "ट्यूबलाइटखाली सगळंच पक्कं असतं. बाहेर या," म्हणत ती त्याला भर उन्हात उभं करायची. कंपनीच्या लेखी तो रंग निळा होता. मामीच्या लेखी तो साडीतला चिंतामणी होता, पण चार धुण्यांनंतरचा, आणि अगदी तसाच डबा भरून मिळेपर्यंत ती दुकानाची पायरी सोडत नसे.

मामा ऑफिसला गेला की काम सुरू. माझी कारखान्यात दुसरी पाळी असली की मी हक्काचा गडी. ओल्या पॉलिशपेपरनं घासायचं, भोवती चिकटपट्टीनं वर्तमानपत्र लावायचं, आधी प्रायमर, मग रंगाचे पातळ पातळ हात. दोन हातांमध्ये किती वाळू द्यायचं ते मात्र कुकरवर ठरायचं. "वरण झालं, मार पुढचा हात," अशी खिडकीतून आज्ञा यायची. त्यामुळे ओरखडा जितका मोठा तितका स्वयंपाक जास्त. ट्रॅक्टरच्या दिवशी मामाच्या ताटात वरण, उसळ, बटाट्याची भाजी आणि वर खीर होती. बायकोचं आपल्यावरचं प्रेम उतारवयात वाढत चाललंय, असं तो बिचारा मला एकदा लाजत सांगत होता.

मग एका रविवारी मामाचे चुलतभाऊ आले. मामा त्यांना खाली घेऊन गेला आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "इतकी वर्षं झाली, एक ओरखडा नाही. धाक लागतो माणसाला." मामी मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आपलं काम लपून राहिलेलं तिला चालत होतं, पण त्याचं श्रेय मामाच्या धाकाला जावं हे काही तिला सहन होईना. तिनं ट्रे माझ्या हातात दिला.

"अहो, चांगले सात-आठ आहेत. शोधा. एक जरी सापडला तर किल्ली तुमची. नाही सापडला, तर कपाटाचं नाव पुन्हा काढायचं नाही."

मामानं चष्मा पुसला. गाडीभोवती फिरला, वाकला, गुडघ्यावर बसला, नखानं खरवडून पाहिलं. भावांनीही शोधलं. शेवटी त्यानं मडगार्डवर बोट ठेवलं. "हा."

"तो कंपनीचाच रंग आहे," मामी म्हणाली. "आता इकडे या. हा दरवाजा, इथे ट्रॅक्टर. हा कोपरा, भाजीवाला. आणि हे इथून इथपर्यंत, फाटक."

"आपलं फाटक?"

"आपलंच."

मामा बराच वेळ त्या जागेवरून हात फिरवत राहिला. "बाई, तू कमाल आहेस," एवढंच म्हणाला, आणि भाऊ टाळ्या वाजवायला लागले. त्या संध्याकाळी मामी सगळ्यांना कोंबून सायखेड्याला घेऊन गेली. जन्मात कुणाची वरात इतक्या थाटात निघालेली मी पाहिली नाही.

पुढे मामाचे हात थरथरायला लागले. तरी आपल्या बाजूचं दार तो स्वतःच उघडायचा. किल्ली कुलपात जाईपर्यंत चार ठिकाणी घासायची, आणि एरवी कुणाची वाट न पाहणारी मामी शेजारी गप्प उभी राहायची. तो गेला त्यानंतरच्या दिवाळीत मी गाडी धुवायला घेतली, तर डाव्या दारावर कुलपाभोवती बारीक रेघाच रेघा.

"मामी, डबा आहे का गं? दुपारपर्यंत होऊन जाईल."

"आहे की," ती म्हणाली. खाली आली, पदरानं तेवढीच जागा कोरडी केली. "पण ते राहू दे. ते ह्यांचं आहे."